मध्येच घेतलेला श्वास

१

मॉर्वेन टेटची कादंबरी लिहायची पद्धत अख्ख्या रिव्हर्टनला तोंडपाठ होती, कारण गाव लहान, आणि बाई रस्त्याने पुटपुटत चालायची. आधी सगळा मजकूर हाताने, निळ्या शाईत, भरभर, मागे वळून न बघता. मग तो गठ्ठा कपडे धुण्याच्या खोलीत वरच्या फळीवर मुरायला ठेवायचा. रेवी, तिचा नवरा, त्याला लोणचंच म्हणायचा. मुरलं की खाली काढून टाइप करायचं, आणि करता करता निम्मं गाळायचं. सगळ्यात शेवटी मागच्या खोलीत बसून एकेक प्रकरण मोठ्याने वाचायचं, रेकॉर्ड करायचं, आणि दुसऱ्या दिवशी समुद्रकाठाने चालत कानाला लावून ऐकायचं. जिथे स्वतःच्या आवाजाचा स्वतःलाच कंटाळा येईल, तिथे कात्री.

या पद्धतीने तिची चार पुस्तकं झाली होती. मालिका कार्रोव नावाच्या शहराची. भरती आली की त्या शहराचा खालचा भाग पाण्याखाली जायचा आणि माणसं पायऱ्यापायऱ्यांनी वर सरकायची. इथ्ना नावाची मुलगी पहिल्या पुस्तकात त्या शहरात येते. पाचव्यात, म्हणजे शेवटच्यात, तिने तळाचा दरवाजा गाठायचा होता. त्या दरवाजामागे कुणीतरी वाट बघतंय, एवढं मॉर्वेनने पहिल्याच पुस्तकात सहज लिहून टाकलं होतं. पायऱ्यांवर साचलेलं मीठ झाडणारी एक बाई. दीड ओळ, बस. नाव नाही, चेहरा नाही. पण वाचकांचं काही सांगता येत नाही. त्यांनी नेमकं तेच धरून ठेवलं. ती कोण? तिला काय हवंय? मॉर्वेन सगळ्यांना सांगायची, शेवटच्या पुस्तकात कळेल. खरं तर तिलाही ठाऊक नव्हतं.

एप्रिल लागला आणि रेवी बेटावर गेला. दक्षिणेकडच्या बेटांवर टीटी पक्ष्यांची पिल्लं धरायचा हंगाम तेव्हा सुरू होतो, आणि तो हक्क पिढ्यान् पिढ्या ठरावीक घराण्यांचा. रेवीच्या आईचं घराणं त्यातलं. निघताना त्याने दारातून विचारलं, “मी येईपर्यंत शहर बुडवून मोकळी होशील ना?”

“तू येईपर्यंत लोणचं संपवते,” ती म्हणाली.

२

पहिल्यांदा तो आवाज तिने समुद्रकाठीच ऐकला. वारा दक्षिणेचा होता, बोचरा. कानात तिचाच आवाज इथ्नाला तळाच्या जिन्यावरून उतरवत होता, आणि मध्येच कुणीतरी श्वास आत घेतला.

मॉर्वेन थांबली आणि मागे वळली. वाळूवर तिच्याच पावलांचे ठसे. मग हसली. आपणच वाचताना दम घेतला असेल.

पण ती मागे जाऊन पुन्हा ऐकायला लागली, कारण त्या श्वासात काहीतरी ओळखीचं होतं. तो दमलेल्या माणसाचा नव्हता. समोरचा बोलत असताना आपल्याला त्याचं चुकतंय असं वाटतं, तोंड उघडतं, आपण हवा आत घेतो, आणि मग भिडेखातर गप्प बसतो. तसा. आणि दुसरी गोष्ट तिला तिसऱ्यांदा ऐकताना कळली. श्वास चालू असताना शब्दही चालू होते. “इथ्ना डाव्या भिंतीला धरून उतरत गेली,” यातल्या ‘डाव्या’च्या पाठीमागून तो सुरू झाला आणि ‘भिंतीला’वर संपला. मॉर्वेनने तिथेच उभं राहून करून पाहिलं. श्वास आत घेत घेत ‘भिंतीला’ म्हणता येत नाही. कुणालाच येत नाही.

परतताना तिला भीती वाटली नाही. वाटलं ते कुतूहल, चांगलं खणखणीत. एखादं प्रकरण अडल्यावर वाटतं तसं.

३

मागची खोली पूर्वी जाळी ठेवायची होती. वर पत्रा, एक खिडकी, एक बाक आणि कोळशाची लोखंडी शेगडी. मॉर्वेनने आधी शेगडीवर संशय घेतला. ती विझवून, अंगावर दोन स्वेटर चढवून तेच प्रकरण वाचलं. श्वास होता. यंत्र बदलून फोनवर रेकॉर्ड केलं. होता. मग वर्तमानपत्रातली केकची कृती वाचली, काही नाही. विम्याची जाहिरात वाचली, काही नाही. खोलीत बसलं असताना प्रत्यक्ष कानाला कधीच काही ऐकू यायचं नाही, हेही तिने ताडून पाहिलं. जे काही होतं ते फक्त रेकॉर्डिंगमध्ये, आणि फक्त कार्रोवच्या मजकुरात.

तिने ऊना पेट्रीला बोलावलं. ऊना दोन घरं सोडून राहायची, जन्मभर पियानो शिकवलेली बाई. लहानपणी मॉर्वेनही तिच्याकडे शिकायला होती आणि आठवडाभरात घरी पाठवली गेली होती. मॉर्वेनचं प्रत्येक पुस्तक छापायच्या आधी ऊनाच वाचायची.

ऊनाने मोठे हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि ऐकलं. मग चीज रोलचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, “आहे खरं. आणि तू नाहीस. तुझा श्वास कसा, बैल पाण्यात उतरल्यासारखा.”

“मग कोण?”

“ते मला काय विचारतेस? पण जे कोण आहे, त्याला तुझं वाक्य खटकलंय. बदलून बघ.”

मॉर्वेनने बदललं. आधी क्रियापद, मग चाल, मग अख्खं वाक्य मोडून दोन केली. श्वास आपला जागच्या जागी. शेवटी वैतागून तिने ‘डाव्या’चं ‘उजव्या’ केलं.

रेकॉर्डिंग स्वच्छ.

त्या दुपारी दोघींनी मिळून मुद्दाम एक भिकार परिच्छेद लिहिला. त्यात चंद्र रडत होता, वारा कुजबुजत होता आणि इथ्नाच्या काळजाचे तुकडे होत होते. मॉर्वेनने तो मन लावून वाचला. एकही श्वास नाही.

“याला साहित्याशी काही देणंघेणं नाही,” ऊना म्हणाली. “याला फक्त पत्ता बरोबर हवाय.”

४

पुढचे दिवस मॉर्वेनने कधी नव्हे अशा हावरेपणाने काम केलं. सकाळी वाचायचं, दुपारी ऐकायचं, जिथे श्वास पडला तिथली गोष्ट उलटी करून पुन्हा वाचायचं. दगड काळा नव्हता, हिरवट होता. जिन्याला कठडा नव्हता. तळाशी पाणी भरती उतरल्यावरही घोट्याइतकं राहायचं. ही माहिती तिला कुणी देत नव्हतं. चुकलं की फक्त कुणीतरी बोलता बोलता थांबायचं. पण अंधारात भिंत चाचपत जावं तशी ती चाचपत गेली, आणि आपणच रचलेलं शहर तिला नव्याने कळायला लागलं.

आणि पान काय उतरत होतं! तिने स्वतःला कितीदा बजावलं की आपलंच मन आपल्याशी खेळतंय. आत कुठेतरी सगळं आधीच ठरलेलं आहे आणि ते अशा आडवाटेने बाहेर येतंय. लेखकांचं असं होतं. पण ऊनाला ऐकू येतं त्याचं काय? या प्रश्नापाशी तिची अक्कल रोज येऊन उभी राहायची, आणि रोज ती तिला बाजूला सारून वाचायला बसायची. एकदा तिने छापून झालेलं दुसरं पुस्तक काढून वाचलं. पहिल्याच प्रकरणात श्वासांची रीघ लागली. हजारो घरांत जाऊन पडलेल्या चुका, आता दुरुस्त न होणाऱ्या. तिला लाज वाटली. कुणाची, ते तिला सांगता आलं नसतं.

रविवारी बेटावरून रेवीचा फोन आला. लाईन खरखरत होती. पिल्लं यंदा धष्टपुष्ट आहेत, ती खारवून खारवून हात मिठाने फुटलेत, असं सांगून त्याने पुस्तकाची चौकशी केली. मॉर्वेन म्हणाली, चाललंय, मदतीला कुणीतरी मिळालंय. ऊना आंटीला माझा नमस्कार सांग, तो म्हणाला. तिने त्याची चूक सुधारली नाही.

ऊनाला मात्र आता तितकीशी मजा येत नव्हती. एक दिवस तिने जुनी रेकॉर्डिंग काढायला लावली, एकामागून एक सगळी ऐकली आणि हेडफोन मांडीवर ठेवले.

“तू शब्द ऐकतेस, मी अंतर ऐकते,” ती म्हणाली. “पहिल्यांदा हा आवाज शेगडीच्या पलीकडे होता, भिंतीशी. मग बाकाच्या त्या टोकाला. कालचा ऐक. कालचा तुझ्या खांद्यापाशी आहे.”

“तुम्हाला भीती वाटतेय?”

“मला भीती वाटत नाही याची मला भीती वाटतेय. बंद कर हे, मॉर्वेन. उरलेलं मनाने लिही. चुकलं तर चुकलं, गोष्टच आहे.”

“शेवटचंच प्रकरण राहिलंय,” मॉर्वेन म्हणाली.

५

शेवटचं प्रकरण म्हणजे दरवाजा.

तिने योजलं होतं की इथ्ना तळाशी पोचते, दरवाजा ओढून घेते आणि कायमचा बंद करते. मॉर्वेनने तसं वाचलं. श्वास. दरवाजाला अडसर घातला. श्वास. इथ्नाकडून दगड रचून घेतले. श्वास. शेवटी तिने लिहिलं, ‘दरवाजा उघडाच होता,’ आणि रेकॉर्डिंग नितळ निघालं.

आता फक्त पलीकडची बाई उरली. वाचक इतकी वर्षं विचारत होते तो प्रश्न. मॉर्वेन खिडकीतून खाडीकडे बघत बसली. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. मग तिने दोन वाक्यं लिहिली आणि एकापाठोपाठ वाचली.

‘दरवाजामागे वाट बघत असलेल्या बाईच्या मनात काही वाईट नव्हतं.’

‘दरवाजामागे वाट बघत असलेल्या बाईच्या मनात वाईट होतं.’

ती समुद्रावर गेली नाही. तिथेच बाकावर बसून लगेच ऐकलं. पहिल्या वाक्यात श्वास होता. मग दुसरं वाक्य आलं. त्यातही श्वास होता.

दोन्ही चूक कसं असेल? वाईट नव्हतं हेही चूक, होतं हेही चूक. तिने पुन्हा ऐकलं. इतके दिवस हेच काम करून तिचा कान तयार झाला होता. श्वास कुठल्या शब्दापाशी सुरू होतो ते तिला कळायचं. तो ‘वाईट’पाशी नव्हता. दोन्ही वाक्यांत तो अगदी सुरुवातीला होता, ‘दरवाजामागे’वर.

खोलीत शेगडी पेटलेली होती. तरी तिला हात चोळावे लागले. तिने पेन घेतलं, एक शब्द घातला आणि वाचलं.

‘आता दरवाजामागे कुणी नव्हतं.’

रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज, शेगडीतल्या कोळशाचा आवाज, पत्र्यावर वारा. बाकी काही नाही.

६

तिने ऊनाला फोन केला, आणि ऊना कुरकुर न करता आली. मॉर्वेनने सगळं सांगितलं. आपण वेडे होतोय का, एवढंच तिला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं. ऊना म्हणाली, आधी ती दोन वाक्यं मला ऐकू दे, वेडाचं नंतर बघू. आणि चहा टाक, कडक. मॉर्वेन स्वयंपाकघरात गेली.

दुपार होती. ढगातून का होईना, भरपूर उजेड होता. चहाचा ट्रे घेऊन ती बोळातून परत आली तेव्हा मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ऊना बाकावर पाठमोरी बसली होती, हेडफोन कानाला, मान थोडी कललेली. आणि तिच्यावर कुणीतरी ओणवं झालं होतं.

दुसऱ्याच्या कानाला लावलेला फोन आपल्यालाही ऐकू यावा म्हणून माणूस जवळ डोकं नेतो, तसं ते डोकं ऊनाच्या कानाशी भिडलं होतं. करड्या, ओल्या कापडाची वाकलेली पाठ. केस की फडकं, ते कळलं नाही. ते मन लावून ऐकत होतं. मॉर्वेनला त्या क्षणी जे वाटलं ते तिने पुढे फक्त एकदाच कुणाला तरी सांगितलं: की ते डोकं वळलं असतं तर तिला चेहरा दिसला नसता, कारण तिने तो कधी लिहिलाच नव्हता.

ट्रेमधले कप वाजले. तिने खाली बघितलं, वर बघितलं, आणि खोलीत ऊना एकटी होती.

ऊनाने हेडफोन काढून कान चोळला. “तुझा हात किती गार आहे ग,” ती म्हणाली. मग तिने दारातल्या मॉर्वेनकडे पाहिलं, दोन्ही हातांत धरलेल्या ट्रेकडे पाहिलं. कोट घेतला. मॉर्वेनला दंडाला धरून बाहेर काढलं आणि मागच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. चहा त्या दोघी ऊनाच्या घरी प्यायल्या.

७

पुस्तक मॉर्वेनने जसं होतं तसं पाठवून दिलं. दरवाजा उघडा, मागे कुणी नाही. ऑकलंडहून संपादिकेचा फोन आला. तिला शेवट इतका आवडला होता की बोलताना तिचा आवाज चिरकत होता. असा शेवट सुचला तरी कसा, असं तिने विचारलं. मॉर्वेन म्हणाली, वाचून वाचून.

मागच्या खोलीकडे ती फिरकली नाही. मे महिना संपता संपता इकडचा हिवाळा लागला, दिवस आखूड झाले, आणि तिची अक्कल हळूहळू जागेवर आली. गार हात म्हणजे म्हातारीचा भास. ओली पाठ म्हणजे खिडकीतला उजेड. श्वास म्हणजे... त्याचं काही जमत नव्हतं, पण दोन गोष्टी जमल्या की तिसरीला माणूस सवलत देतो. मालिका संपली होती. वाचायला आता काही नव्हतं, म्हणून ऐकायलाही कुणी नसणार, असा तिने हिशेब केला आणि ती रात्री नीट झोपायला लागली.

रेवी बादल्या भरून पक्षी घेऊन आला. दाढी वाढलेली, अंगाला धुराचा आणि चरबीचा वास, आणि तोंड एकसारखं चालू. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक टीटी दोन पाण्यांतून उकडून खारटपणा उतरवला, बटाटे उकडले, आणि दोघं स्वयंपाकघरात जेवायला बसली. रेवी बेटावरच्या गमती सांगत होता. वादळात झोपडीच्या छपराचा एक पत्रा कसा उडाला, भाऊ कसा त्याच्यामागे धावला.

“पुढच्या वर्षी मी बेटावर गेलो की पहिलं ते छप्पर बदलणार,” तो म्हणाला.

आणि त्याच्या शब्दांच्या पाठीमागून, टेबलाच्या तिसऱ्या बाजूने, कुणीतरी श्वास आत घेतला.

रेकॉर्डिंग नव्हतं. यंत्र नव्हतं. भर दुपारी, उकडलेल्या बटाट्यांच्या वाफेत, स्वच्छ.

रेवीने मान वर केली. “काय? बोल की.”

“काही नाही.”

“काहीतरी बोलणार होतीस. श्वास घेतलास.”

मॉर्वेनने काटा खाली ठेवला. इतके आठवडे केलेलं काम तिच्या हातात बसलं होतं. तिला ठरवावंही लागलं नाही. छपराचं काय म्हणालास, तिने विचारलं. पुढच्या वर्षीच का, आणखी एक वर्ष नाही का टिकणार ते? रेवी विचार करून म्हणाला, टिकेल म्हणा. मग त्याच्या पुढच्या वर्षी मी बेटावर गेलो की बदलेन. श्वास. म्हणजे वर्षाची चूक नव्हती. छपरापेक्षा भिंती जुन्या नाहीत का, तिने विचारलं. तिचा आवाज साधा होता, गप्पा मारतानाचा. रेवी हसला; बरं बाई, पुढच्या वर्षी मी बेटावर जाऊन भिंती रंगवतो, मग तर झालं? श्वास, आता तिच्या इतका जवळ की मानेवरचे केस हलले. म्हणजे छपराचीही चूक नव्हती.

दोन शब्द उरले. एक ‘बेट’. त्याचे गुडघे दुखायचे; पुढच्या वर्षी त्याला जमणारही नाही, तो घरीच राहील, या टेबलाशी बसून कुरकुर करत राहील. तसं असेल तर चूक एवढीच, आणि अशा चुकीला तिने आनंदाने मिठी मारली असती. आणि दुसरा शब्द ‘मी’. दोन्हींतला चुकीचा कुठला, ते एका वाक्यात कळलं असतं. तिला ते वाक्य दिसत होतं, पानावर लिहिल्यासारखं.

सारा जन्म तिने हेच केलं होतं: पुढे काय आहे ते कळेपर्यंत शब्द हलवत राहायचे. ती गप्प बसली. पण रेवीने बायकोच्या प्रश्नांवर विचार केला होता, आणि आता तो गुडघ्यावर हात फिरवत होता.

“खरं सांगू, नाहीच जमलं यंदासारखं,” तो म्हणाला, “तर पुढच्या वर्षी मी इथे घरी...”

मॉर्वेन उठली आणि टेबलावरून वाकून तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो तिच्या तळव्याखाली हसला. त्याला वाटलं, दोन महिन्यांनी नवरा घरी आलाय, बाईला लाड सुचतायत. तिच्या खांद्यामागे कुणीतरी थांबलं होतं, भिडस्तपणे, वाक्य पुरं व्हायची वाट बघत.

तिने हात काढला नाही.